माळ्यावरच्या ध्वनिफिती

१९७६ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात तीन भावांनी पदरमोड करून आपल्या गाण्यांची एक लहान तबकडी काढली. एका बाजूस एक गाणे, दुसऱ्या बाजूस दुसरे, आणि प्रती अवघ्या ५००. त्यांतील काही प्रती त्यांनी नभोवाणी केंद्रांना दिल्या, काही ओळखीपाळखीच्या माणसांना वाटल्या. कोठेही फारसे कौतुक झाले नाही आणि ती तबकडी विस्मृतीत गेली. पुढे तेहतीस वर्षे लोटल्यावर, २००९ साली, त्याच भावांची तीच जुनी गाणी नव्याने प्रसिद्ध झाली आणि संगीताच्या जाणकारांनी तोंडात बोट घातले. पण तिघांपैकी ज्याच्या मनात ते संगीत प्रथम उमलले, तो वडीलभाऊ नऊ वर्षांपूर्वीच निवर्तला होता. आज आपल्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत ते या तेहतीस वर्षांविषयी.

या भावांचे आडनाव हॅक्नी. डेव्हिड गिटार वाजवी, बॉबी गात असे आणि मंद्र स्वराची बेस गिटार सांभाळी, तर डॅनिस ड्रम वाजवी. घर कृष्णवर्णीय, धर्मनिष्ठ आणि बेताच्या परिस्थितीचे. १९६४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे बीटल्स प्रथमच अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकले, तेव्हा वडिलांनी मुलांना मुद्दाम समोर बसवून तो कार्यक्रम दाखविला होता. मुलांच्या मनावर त्याचा ठसा कायमचा उमटला.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. त्याच शहरात १९५९ साली मोटाउन ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली आणि कृष्णवर्णीय गायकांची गोड, घोटीव गाणी तिने घरोघर पोहोचविली. पण १९६७ साली तेथे भीषण दंगल झाली, वस्त्या जळाल्या, आणि १९७२ साली मोटाउननेही आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. हॅक्नी बंधूंनी घराच्या गॅरेजमध्ये वादनाला आरंभ केला तो याच दिवसांत, १९७१ साली. त्यांची पहिली गाणी त्यांच्या समाजात रूढ असलेल्या धाटणीचीच होती. पुढे डेव्हिडने 'द हू' या इंग्लिश बँडचे वादन ऐकले, १९७३ च्या सुमारास भावांना ॲलिस कूपरचा कार्यक्रम पाहावयास मिळाला, आणि त्यांनी आपली वाट बदलली. गिटारचा आवाज कर्कश झाला आणि ड्रमचा ठेका घोड्यासारखा धावू लागला.

ही वाट सोपी नव्हती. असे रॉक संगीत म्हणजे गोऱ्या पोरांचा उद्योग, अशी तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत होती. कृष्णवर्णीय मुलांनी आपल्या परंपरेतील गाणी गावीत, ही अपेक्षा आपल्या लोकांची तशीच परक्यांचीही. त्यामुळे हे तिघे कोणत्याच दालनात बसेनात. आईने मात्र त्यांना घरातील एक खोली सरावासाठी दिली आणि तो कल्लोळ सोसला. कलेच्या इतिहासात अशा मातांची नावे क्वचितच येतात, म्हणून येथे एवढा उल्लेख करून ठेवतो.

आता बँडच्या नावाकडे वळू, कारण सारी कथा त्या नावाभोवती फिरते. वडील एका अपघातात अकाली गेले. त्या आघातातून डेव्हिडच्या मनात एक विचार आकारला. मृत्यू हा शेवट नसून एक प्रवास आहे; लोक ज्या शब्दाला भितात त्याच शब्दाला उजळ अर्थ द्यावा, असे त्याने ठरविले आणि बँडचे नाव ठेवले 'डेथ', म्हणजे मृत्यू. त्यासाठी त्याने त्रिकोणाचे एक चिन्हही योजिले. आत्मा, मन आणि शरीर ही त्या त्रिकोणाची तीन टोके. नाव ऐकून पुष्कळांना किळस आली. आम्हा ख्रिस्ती लोकांत २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावण्याची चाल आहे. त्या संध्याकाळी लहान मुलेही तेथे न भिता वावरतात. हे ज्याने पाहिले आहे, त्याला डेव्हिडचे मन समजण्यास अडचण पडू नये. पण तबकड्यांच्या बाजारपेठेला ते समजणार कसे?

१९७५ साली डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड या ध्वनिमुद्रणगृहात त्यांच्या गाण्यांचे मुद्रण झाले. योजना बारा गाण्यांची होती. क्लाइव्ह डेव्हिस हे तबकड्यांच्या व्यवसायातील बडे प्रस्थ. त्यांचे या गाण्यांकडे लक्ष गेले, पण नाव बदला, असे सांगण्यात आले. गाणी आवडली, अडचण होती ती केवळ त्या एका शब्दाची. धाकटे दोघे भाऊ नाव बदलावयास राजी होण्याच्या बेतात होते, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. पण डेव्हिडने साफ नकार दिला. आज नाव दिले तर उद्या बाकी सर्वच द्यावे लागेल, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. मोठ्या भावाचा शब्द धाकट्यांनी मानला. बोलणी मोडली, आणि बारांपैकी सातच गाणी ध्वनिफितींवर राहिली.

१९७६ ची ती ५०० प्रतींची तबकडी निघाली या नकारानंतर. 'पॉलिटिशियन्स इन माय आईज' हे तिच्यातील मुख्य गाणे. तरुणांना युद्धावर धाडून आपण सुरक्षित राहणाऱ्या राजकारण्यांवर त्याचा रोख होता. तबकडीवर 'ट्रायअँगल' हे त्यांच्या स्वतःच्याच संस्थेचे नाव छापलेले होते. तो काळ डिस्को नृत्यसंगीताच्या लाटेचा. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या नभोवाणी केंद्रांना ते गाणे आपले वाटले नाही आणि गोऱ्यांच्या केंद्रांनाही वाटले नाही.

१९७७ साली तिघेही भाऊ ईशान्येकडील व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन या लहान शहरी गेले. तेथे त्यांनी 'फोर्थ मूव्हमेंट' या नावाने ख्रिस्ती भक्तिगीतांच्या तबकड्या काढल्या. १९८२ साली डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस बर्लिंग्टनलाच राहिले, संसाराला लागले, आणि पुढे 'लॅम्ब्सब्रेड' या नावाने जमैकाच्या रेगे धाटणीचे संगीत वाजवू लागले. २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने डेव्हिडचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्याने मूळ ध्वनिफिती बॉबीच्या स्वाधीन केल्या आणि बजावले, की एक दिवस जग ही गाणी शोधीत येईल, तेव्हा ती तुझ्यापाशी असली पाहिजेत. बॉबीने त्या घराच्या माळ्यावर ठेवून दिल्या.

पुढे झाले ते असे. जुन्या दुर्मिळ तबकड्या जमविणाऱ्या छांदिष्टांच्या हाती त्या ५०० पैकी काही प्रती लागल्या होत्या. त्या शेकडो डॉलरांना विकल्या जाऊ लागल्या, आणि त्या गाण्याच्या नकला हौशी मंडळींत फिरू लागल्या. २००८ साली बॉबीचा मुलगा ज्युलियन कॅलिफोर्नियात एका मेजवानीस गेला असता तेथे एक अनोळखी गाणे लागले. गाणाऱ्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला. तो त्याच्या वडिलांचा होता! असा काही बँड होता, याचा मुलांना पत्ताही नव्हता. वडिलांनी तो विषय घरात कधी काढलाच नव्हता. ज्या गोष्टीचे दुःख फार असते, तिच्याविषयी माणसे अशीच अबोल होतात.

मुलांनी विचारले तेव्हा माळ्यावरच्या फिती खाली आल्या. २००९ साली शिकागोच्या ड्रॅग सिटी या संस्थेने ती सात गाणी प्रसिद्ध केली. मुलांनी ही गाणी लोकांपुढे वाजविण्यासाठी आपला एक बँड काढला आणि त्याला 'रफ फ्रान्सिस' असे नाव दिले. काकाने अखेरच्या काळात घेतलेले ते टोपणनाव. त्याच वर्षी बॉबी आणि डॅनिस गिटारवादक बॉबी डंकन यांना सोबत घेऊन पुन्हा 'डेथ' या नावाने रंगमंचावर उभे राहिले. २०१२ साली या कथेवर 'अ बँड कॉल्ड डेथ' हा अनुबोधपट निघाला.

श्रोतेहो, कथा इतकी हृद्य आहे की येथेच थांबावेसे वाटते. पण इतिहास शिकविणाऱ्याने थांबून चालत नाही. या गाण्यांचे इतिहासातील स्थान कोणते, हा प्रश्न उरतोच. पंक रॉक म्हणजे जलद लयीचे, मोजक्याच सुरावटींचे, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले आणि अंगात धग असलेले संगीत. त्याचा उदय न्यूयॉर्क आणि लंडन येथे झाला, असे सामान्यतः लिहिले जाते. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडची पहिली मोठी तबकडी १९७६ च्या एप्रिलमध्ये निघाली, लंडनच्या सेक्स पिस्टल्सची पहिली लहान तबकडी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. हॅक्नी बंधूंचे मुद्रण १९७५ चे. तेव्हा हेच पंकचे आद्य जनक, असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना झाला.

हा मोह आवरला पाहिजे. एक तर डेट्रॉइटमध्येच १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'एमसी फाइव्ह' आणि 'स्टूजेस' हे गोरे बँड असाच गदारोळ उडवून गेले होते. दुसरे असे, की जनक म्हणावयाचे तर संतती पाहिजे. न्यूयॉर्क-लंडनच्या मुलांनी ही गाणी ऐकलीच नव्हती. आधी असणे वेगळे आणि प्रभाव पाडणे वेगळे. इतिहासाच्या पुस्तकांत वंशावळ असते ती प्रभावाची. त्या वंशावळीत हॅक्नी बंधूंना मागाहून घुसडणे हा त्यांचा गौरव नव्हे.

मग त्यांचे मोल कशात? माझ्या मते ते साक्षीदाराच्या साक्षीत आहे. ती सात गाणी अर्ध्या तासात संपतात. काही तीन मिनिटांच्या आत उरकतात. एक मात्र संथपणे तरंगत सुरू होते आणि मग एकाएकी वेग घेते. ती ऐकताना कळते, की पंकची ठिणगी एकाच ठिकाणी पडून वणवा पसरला असे घडलेले नाही. ओस पडत चाललेली शहरे, युद्धाचा वीट, गुळगुळीत संगीताचा कंटाळा, ही कारणे जेथे जेथे होती तेथे तेथे तोच आवाज आपोआप उमटत होता. शिवाय हे संगीत गोऱ्या तरुणांचीच मिरास होती, ही समजूत या फितींनी खोटी ठरविली. एरवी आरंभीच्या पंकमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा विचारला की वॉशिंग्टनच्या 'बॅड ब्रेन्स' या एकाच बँडकडे बोट दाखविले जाई. ती गाणी ऐकली गेली नाहीत म्हणून ती नव्हतीच, असे धरून इतिहास लिहिला गेला होता.

हे आपल्यालाही नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो ग्रंथ आपल्या हाती आला तो भाविकांनी हाताने उतरवून जपलेल्या पोथ्यांमुळे. छापले म्हणजे टिकले असे नव्हे. कोणीतरी जपले म्हणजे टिकले.

आता शेवटचा प्रश्न. डेव्हिडने नकार दिला, ते योग्य केले काय? २००९ च्या यशाकडे बोट दाखवून 'होय' म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ते यश पाहावयास तो उरला नव्हता. १९७५ साली होकार दिला असता तर कदाचित घराला बरे दिवस आले असते, कदाचित उरलेली पाच गाणीही आपणांस मिळाली असती. नकाराची किंमत त्याने भरली आणि त्याच्या भावांनीही भरली. एवढे मात्र म्हणता येईल, की ज्या नावासाठी त्याने ती भरली ते वडिलांच्या वियोगातून आलेले होते, आणि ते त्याने विकले नाही.

आणि भावांचे काय? आपल्या मनाविरुद्ध घेतलेल्या निर्णयाला त्यांनी साथ दिली, त्यापायी आपले तारुण्य विनातक्रार खर्ची घातले, आणि ज्यांचा काही उपयोग होईल असे दिसत नव्हते त्या फिती माळ्यावर जपून ठेवल्या. गाणी डेव्हिडच्या प्रतिभेने जन्मली. ती आपल्या कानांपर्यंत आली ती या दोघांच्या निष्ठेने. एक मुलगा परगावी वडिलांचा आवाज ओळखतो आणि घरी येऊन विचारतो, "बाबा, हे तुम्हीच का?" त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी माळ्यावर काही तरी असावे लागते. आपल्या घरच्या माळ्यावर काय आहे, हे आपणही एकदा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.