तात्पर्याला रजा

मराठी बालवाचनाचा इतिहास बराच काळ बोधाचा इतिहास आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये काढलेल्या 'बालबोध' मासिकाच्या नावातच ती भूमिका दिसते : मुलाने वाचावे ते शहाणे होण्यासाठी.

देवगड तालुक्यातील धालवली येथे १९१८ साली जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) या संग्रहांतून तात्पर्याला रजा दिली. तिथे नाद आहे, नवल आहे, उलटे जग आहे. मात्र विसंगतीवर हसायला संगती ठाऊक असावी लागते. म्हणजे हसणारे मूल समजूनच वाचत असते. त्याला लगेच 'यातून काय शिकलास?' असे विचारले, की वाचनाची परीक्षा होते आणि पुस्तक मिटते. आपल्या वर्गांत आधी ते हसू ऐकू यावे.