काळी चाकं, जांभळं पाणी

गाडी धुणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात चिवट डाग कुठला? बॉनेटवरची कबुतराची शिट नव्हे, काचेवरचा झाडाचा चीक पण नव्हे. चाकावरचा तो काळपट-तपकिरी थर! बाकी गाडी पाच मिनिटांत चकाचक होते आणि चाकं मात्र शाम्पूला दाद देत नाहीत. मग शेजारचे काका गॅलरीतून सल्ला टाकतात, "अरे, बाथरूमच्या फरशीचं ॲसिड मार थोडं. मिनिटात निघेल."

निघेल. प्रश्न असा आहे की डागाबरोबर अजून काय काय निघेल.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला शनिवारी दुसरे उद्योग नाहीत का? आहेत हो. पण आमच्या धंद्यात एक खोड लागते. बग दिसला की आधी तो कुठल्या लेअरमध्ये आहे ते शोधायचं, मग हात लावायचा. चाकाचंही तसंच आहे. डाग कशाचा आहे हा एक प्रश्न, आणि तो कशावर बसलाय हा दुसरा. गंमत म्हणजे गेल्या सव्वाशे वर्षांत ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतक्या वेळा बदलली आहेत की एका पिढीचा रामबाण उपाय पुढच्या पिढीच्या चाकाला विष ठरलाय.

सुरुवातीला हा डागच नव्हता. फोर्डच्या मॉडेल टीची चाकं लाकडी आऱ्यांची, आणि पायाचा ब्रेक चाकावर नाही तर आत गिअरबॉक्सपाशी. चाकाला चिखल लागायचा, तो पाण्याने जायचा. विषय संपला.

ब्रेकची कथा तिकडे इंग्लंडमध्ये चालू होती. 1897 मध्ये डर्बीशरमधल्या हर्बर्ट फ्रूडने घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी लायनर बनवायला घेतले. गोष्ट अशी सांगतात की उतारावर गाडीवाले चाकाला जुना बूट लावून गाडी थोपवायचे, ते बघून त्याला कल्पना सुचली. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो, म्हणजे त्याच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात एक ई घातलेला. (हो, तेच फेरोडो ज्याचे पॅड आजही मिळतात.) पुढे मोटारी वेगवान झाल्या, कापडी लायनर जळायला लागले आणि त्याने ॲस्बेस्टॉस आणला. दरम्यान 1902 मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण त्याचे पॅड तांब्याचे, ते डिस्कवर घासले की कानठळ्या बसवणारी किंचाळी. कल्पना पन्नास वर्षं आधी आली होती, मटेरियल आलं नव्हतं. आपल्याकडे नाही का, काही प्रोजेक्ट हार्डवेअर यायच्या आधीच लिहिले जातात!

तोवर राज्य होतं ड्रम ब्रेकचं. ड्रम म्हणजे झाकण असलेला डबा. आत लायनर झिजतो, धूळ होते, आणि बरीचशी आतच राहते. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. चारही चाकांना ड्रम, रंगवलेली लोखंडी चाकं, मधे चमकणारी वाटी. 30 ऑक्टोबर 2023 पासून ह्या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण त्यांची चाकं ड्रायव्हर लोक सकाळी बादलीभर पाण्यात, ओल्या फडक्याने पुसायचे. त्यांच्या चाकांवर धूळ होती, चिखल होता, हा जळका काळा थर नव्हता.

तो थर आला डिस्क ब्रेकमुळे. 1953 च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप जिंकली, तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. बाकीच्यांचे ड्रम तापून दमायचे आणि ही गाडी प्रत्येक वळणाला उशिरा ब्रेक मारायची. त्यानंतर डिस्क हळूहळू साध्या गाड्यांमध्ये आली. पण डिस्क उघडी असते. ओतीव लोखंडाच्या तबकडीवर पॅड दाबला की दोन्ही झिजतात, आणि गरम भुकटी थेट चाकावर उडते. गाडीचा जोर पुढे येतो म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात, आणि म्हणूनच पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी. आज आपल्या गाडीकडे बघून खात्री करून घ्या.

ही भुकटी साधी धूळ नाही. तिच्यात लोखंडाचे बारीक, तापलेले कण असतात आणि पॅडला धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं, बेकेलाइटच्या जातीचं. कण चाकाच्या रंगात रुततात, रेझिन त्यांना चिकटवतं, पाऊस पडला की लोखंड गंजतं. शाम्पूने वरचं तेल-माती जाते, हे नारिंगी ठिपके तसेच राहतात. ॲस्बेस्टॉसचे धोके कळल्यावर कंपन्यांनी पर्याय शोधले, त्यात पोलादी तंतू घातलेले सेमी-मेटॅलिक पॅड आले. फुप्फुसांच्या दृष्टीने उत्तम झालं. चाकांच्या दृष्टीने मात्र लोखंड अजून वाढलं. जर्मन गाड्यांची चाकं जपान्यांपेक्षा लवकर काळी होतात ह्याचं कारणही हेच. युरोपात जोरात चावणारे, धातूवाले पॅड पसंत करतात, जपानमध्ये मऊ आणि कमी धातूचे.

हे झालं डागाचं. आता तो बसतो त्या थराकडे येऊ, कारण खरे घोटाळे तिथे आहेत.

1924 मध्ये लिआँच्या ग्रां प्रीला एत्तोर बुगाटीने टाइप 35 आणली. ओतीव ॲल्युमिनियमची आठ पट्ट्यांची चाकं, ब्रेकचा ड्रम चाकातच. तिथून पुढे चाक म्हणजे दागिना झाला. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडने इंडियानापोलिसच्या रेसगाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं बनवली, आणि तिथूनच 'मॅग व्हील' हा शब्द आला. आपल्याकडे ॲक्सेसरीजच्या दुकानात आजही मॅग व्हील म्हणतात, मॅग्नेशियमचा त्यात पत्ता नसतो! मग 1966 मध्ये पोर्शे 911 एससाठी फुक्स कंपनीने घडीव ॲल्युमिनियमची पाच पाकळ्यांची चाकं केली, वर ॲनोडायझिंग. माझ्या मते आजवरचं सगळ्यात देखणं चाक हेच, आणि साफ करायला सगळ्यात नाजूकही.

का नाजूक? घरात काळी ॲनोडाइज्ड कढई असेल तर तिच्यासारखाच प्रकार. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेने त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. हा थर ओरखड्याला दाद देत नाही, पण त्याची एक अडचण आहे. तो ॲसिडमध्येही विरघळतो आणि कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीमध्येही. दोन्हीकडून मार! आज्जी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवू द्यायची नाही, आठवतं? रसायनशास्त्र तेच. आपली अडचण अशी की तांब्या-पितळेच्या भांड्यांवर आपला हात बसलेला. चिंच लावली की तांब्याचा कळकट थर जातो आणि खालचं तांबं तसंच राहतं. त्यामुळे 'आंबट म्हणजे स्वच्छ' हे डोक्यात पक्कं. ॲल्युमिनियम तांब्याइतकं सहनशील नाही.

क्रोमचं चाक असेल तर वेगळा न्याय. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि जुनं क्रोम उतरवायला प्लेटिंगवाले हेच ॲसिड वापरतात. काकांचा सल्ला इथे शब्दशः खरा ठरतो, मिनिटात निघतं, क्रोमसकट. आणि आजच्या बहुतेक अलॉयवर वरून पारदर्शक लॅकर असतो. तिथे ॲसिडपेक्षा स्टीलची घासणी मोठी शत्रू. एकदा लॅकर खरवडला की पुढची धूळ त्या चऱ्यांत कायमची मुक्कामाला. हल्ली टॉप मॉडेलला 'डायमंड कट' चाकं देतात, त्यात तर लेथवर चकचकीत कापलेल्या ॲल्युमिनियमवर फक्त लॅकर असतो. दगड लागून तो तडकला की आत पाणी शिरतं आणि अळ्यांसारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. तो डाग नाहीच, तो लॅकरखालचा गंज आहे. त्यावर कुठलीही बाटली ओतू नका, पैसे वाया जातील. चाक पुन्हा कापून लॅकर मारणं हाच उपाय.

ह्या सगळ्या इतिहासातला काळा अध्याय मात्र डागाचा नाही, औषधाचा आहे. न घासता चाक चमकवणाऱ्या अनेक जुन्या व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असायचं. ट्रक धुणाऱ्यांमध्ये हे फार लोकप्रिय, कारण ते ॲल्युमिनियमचा वरचा थरच खातं आणि काचही कोरतं. मळाला बसायला जागाच उरत नाही. हे ॲसिड पातळ असेल तर कातडीला लागलेलं लगेच कळतही नाही. तासाभराने, काही तासांनी कळ सुरू होते. तोवर फ्लुओराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेलं असतं. नुसत्या पाण्याने धुवून भागत नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावून तातडीने दवाखाना गाठावा लागतो. अमेरिकेच्या एकट्या वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 ह्या काळात गाड्या-ट्रक धुताना ह्या ॲसिडने इजा झालेल्या 48 कामगारांची नोंद 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळे पोटासाठी गाड्या धुणारे लोक. चकाकी दुसऱ्याच्या चाकाला, बोटं ह्यांची.

हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये मी एका पोराला बघितलं. वय असेल सतरा-अठरा. लेबल नसलेल्या कॅनमधून उघड्या हाताने चाकावर काहीतरी शिंपडत होता. काय आहे विचारलं तर म्हणाला, "चाकाचं पाणी आहे साहेब, एकदम भारी." मालकाला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर शाम्पूने करू." तेच केलं. मागच्या गाडीला पुन्हा तेच पाणी. तुम्ही अशा ठिकाणी गाडी देत असाल तर कॅनवरचं लेबल वाचायला मागा. नावात 'फ्लुओराइड' दिसलं किंवा लेबलच नसलं तर नको म्हणा, आणि धुणाऱ्या पोराला का ते सांगा. चाकापेक्षा महत्त्वाचं आहे.

सुदैवाने ह्या कथेला एक चांगलं वळण आहे, आणि ते आलं ब्यूटी पार्लरमधून! थायोग्लायकोलेट नावाचं रसायन 1940 च्या दशकापासून केस कुरळे करायच्या लोशनमध्ये आहे, केस काढायच्या क्रीममध्येही त्याचंच भावंड असतं. तो सडक्या अंड्याचा वास आठवा. हे लोखंडाला भेटलं की जांभळं-लाल होतं, आणि प्रयोगशाळेत लोखंड ओळखायला ते फार पूर्वीपासून वापरतात. 2010 च्या आसपास ते 'आयर्न रिमूव्हर' म्हणून गाडीवाल्यांमध्ये पसरलं. ॲसिड नाही, साधारण न्यूट्रल, म्हणून लॅकरलाही चालतं. ते चाकाचा थर खात नाही, रुतलेल्या लोखंडाशी बोलतं आणि त्याला पाण्यात घेऊन जातं.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर तो रंग. चक्क डीबग लॉग आहे तो! चाक सावलीत, हाताला थंड लागेल इतकं निवलेलं हवं. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू आणि मऊ ब्रश, चाकांची बादली वेगळी. मग हातमोजे घालून आयर्न रिमूव्हर फवारायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, आणि धुवून टाकायचं. जांभळे ओघळ आले म्हणजे लोखंड होतं. परत फवारल्यावर जांभळं झालं नाही आणि डाग मात्र आहे, तर तो लोखंडाचा नाही. काळा चिकट ठिपका असेल तर डांबर, त्याला टार रिमूव्हर आणि फडकं, टायरला न लावता. पांढरट गोल असेल तर बोअरवेलच्या पाण्याचा क्षार. त्याला पातळ केलेलं व्हिनेगर चालतं, पण फक्त धड लॅकर असलेल्या चाकावर आणि अर्ध्या मिनिटापुरतं. ॲनोडाइज्ड किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर अजिबात नाही, आज्जीचं पातेलं आठवा.

गंमत म्हणजे हा डाग आता कायद्याच्या पुस्तकात शिरलाय. पॅडमधलं तांबं पावसाबरोबर नद्यांत जातं आणि सॅमन माशांची वास घ्यायची शक्ती बिघडवतं, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2010 मध्ये कायदे करून ते टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. युरोपात 2024 मध्ये मंजूर झालेल्या युरो 7 नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घातली. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला किलोमीटरमागे 3 मिलिग्रॅम, साध्या पेट्रोल-डिझेल गाडीला 7. आणि फोक्सवॅगनच्या आयडी 3 ह्या इलेक्ट्रिक गाडीला मागे चक्क ड्रम ब्रेक दिलेत, पद्मिनीसारखे! मोटरच बहुतेक वेग कमी करते, ब्रेक क्वचित लागतात, मग धूळ डब्यात बंद राहिली तर बरंच. म्हणजे काही वर्षांनी चाकांवरचं जांभळं पाणी बघायला मिळणंही कमी होईल. टँकरच्या पाण्याचे पांढरे गोल मात्र आमच्या सोसायटीत तेव्हाही असतील, त्याची मला खात्री आहे :)