दोघांचा डाव : संगणकीय खेळांतील सहकार्य आणि बीडचा ‘कोयता’

संगणकाच्या पडद्यावरील खेळांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एकाच रिंगणात उतरलेल्या दोन खेळाडूंचे परस्परांशी नाते कोणते, या प्रश्नाच्या अनुरोधाने तो पाहिल्यास मात्र त्याचे स्वरूप निराळे दिसते.

या इतिहासाचा एक आरंभ विद्यापीठीय वर्तुळातच आढळतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल व त्याच्या तरुण सोबत्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ सिद्ध केला. मध्ये एक तारा, भोवती दोन याने, आणि दोघांनी एकमेकांवर मारा करावयाचा. यंत्र येथे प्रतिस्पर्धी नव्हते. ते केवळ रिंगण होते. दोघांचे सहकार्य संभवण्यासाठी विरोध यंत्राने पुरवावा लागतो.

१९७८ च्या ‘फायर ट्रक’ या खेळात हे घडले. अग्निशामक गाडीचा पुढील भाग एकाने, मागील भाग दुसऱ्याने हाकावयाचा. १९८२ च्या ‘जाउस्ट’मध्ये एक सूक्ष्म भेद दिसतो. त्यातील काही फेऱ्यांत जोडीदारास न मारल्याबद्दल बक्षीस मिळे, तर काहींत त्यालाच प्रथम पाडणारा बक्षिसाचा धनी होई. १९९० च्या ‘स्मॅश टीव्ही’त दोघे चौकोनी दालनात शत्रूंच्या झुंडींवर एकत्र गोळीबार करीत, तथापि जमिनीवरील बक्षिसे मात्र ज्याने उचलली त्याची. शत्रू सामाईक, परंतु मिळकत वेगळी, अशी ही व्यवस्था होती.

येथे मराठीतील शब्दभेद उपयोगी पडतो. ‘सहकार्य’ म्हणजे हातभार. ‘सहकार’ म्हणजे सामाईक हिशेब असलेली संस्था. १९५० साली प्रवरानगर येथे साखर कारखाना उभा राहिल्यानंतर हा दुसरा अर्थ महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरोघरी पोहोचला. ‘स्मॅश टीव्ही’त सहकार्य आहे, सहकार नाही.

याच साखरेच्या व्यवसायाने बीड जिल्ह्यास तिसरा शब्द दिला. तेथून ऊसतोडीस जाणारे पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीच्या नावावर असते आणि एकाचा खाडा झाला तरी दंड दोघांच्या हिशेबात चढतो. हत्याराचे नाव माणसांच्या जोडीस लागले, याचे कारण हिशेबाचा घटक जोडी हा आहे. अर्थात कोयता हा खेळ नव्हे. त्या रिंगणातून डाव मोडून उठता येत नाही. म्हणून हे साम्य रचनेपुरतेच घ्यावयाचे.

डिजिपेन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ (२००५) या खेळातून पुढे ‘पोर्टल’ (२००७) निर्माण झाला, आणि ‘पोर्टल २’ (२०११) मध्ये दोघांसाठी स्वतंत्र सहकारी भाग आला. त्यातील कोडी एकट्याने सुटत नाहीत. आज मोफत साधनांमुळे दोघांचा नेमबाजीचा खेळ रचणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले आहे. अशा खेळाचे परीक्षण करताना पडद्यावर दोन आकृती आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये. गुण कोणाच्या नावे जमा होतात, प्राण सामाईक आहेत की वेगळे, जोडीदाराची गोळी जोडीदारास लागते काय, आणि एक पडल्यावर दुसऱ्यावर काय ओढवते, हे तपासावे. सहकार्य आणि सहकार यांतील सीमारेषा या नियमांतच आखलेली असते; आणि दंड सामाईक पण लाभ परक्याचा, अशी रचना झाल्यास तिला सहकार म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.