वाळवंटातील पाऊलखुणा आणि त्यांचे राखणदार

इतिहासमंडळाच्या स्थापनेस राजघराणी, किल्ले आणि लढाया लागतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ऑस्ट्रेलियात मात्र एका फसलेल्या प्रवासाच्या स्मृतीभोवती असे मंडळ उभे राहिले आहे. 'बर्क अँड विल्स हिस्टॉरिकल सोसायटी' हे त्याचे नाव. त्या खंडाच्या अंतर्भागातील ओसाड मुलखास तेथील लोक 'आउटबॅक' म्हणतात. त्या मुलखाच्या संशोधकांचे वेड घेतलेल्या हौशी मंडळींनी ते स्थापिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मूळ कथा थोडक्यात अशी. २० ऑगस्ट १८६० रोजी रॉबर्ट ओहारा बर्क याची तुकडी मेलबर्नहून निघाली. १९ माणसे, २३ घोडे, पंचवीसएक उंट आणि सुमारे २० टन सामान असा तिचा थाट होता. खंड दक्षिणोत्तर ओलांडावयाचा, हा संकल्प. कूपर्स क्रीक येथे तळ ठेवून बर्क, विल्स, किंग व ग्रे हे चौघे पुढे गेले आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये कार्पेंटारियाच्या आखाताजवळ पोचले; परंतु दलदलीमुळे खुला समुद्र काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही. परतीच्या वाटेवर ग्रे मरण पावला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या सायंकाळी तळावर येतात, तो तळ रिकामा! चार महिने वाट पाहून तेथील माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडाच्या बुंध्यावर 'खणा' एवढी खूण कोरलेली होती आणि खाली थोडा शिधा पुरलेला होता. पुढे जूनअखेरीच्या सुमारास बर्क व विल्स दोघेही गेले. किंग तेवढा वाचला.

व्हिक्टोरिया वसाहतीने चौकशी समिती नेमली, जानेवारी १८६३ मध्ये दोघांची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली आणि १८६५ मध्ये त्यांचा पुतळा उभारला. परंतु पुतळा उभा राहिला की जिज्ञासा बहुधा बसते. सिडनीत १९०१ साली आणि व्हिक्टोरियात १९०९ साली इतिहाससंस्था निघाल्या. तथापि त्यांचे क्षेत्र विस्तृत. एकाच मोहिमेचा एकेक मुक्काम शोधीत उन्हातान्हात हिंडावे, विल्सची टिपणे नकाशावर ताडून पाहावी, हे काम वेड्या माणसांचेच. एकट्याचे वेड त्याच्याबरोबर संपते. चौघांचे झाले म्हणजे त्यास शिस्त येते. 'मुक्काम येथेच होता' असे म्हणणाऱ्यास दुसरा 'कशावरून?' असे विचारतो, आणि या एका प्रश्नातच इतिहासमंडळाचे सारे सार्थक आहे.

कारण हा प्रश्न एकदा सुटला की तो मुक्कामापाशी थांबत नाही. किंग कशामुळे जगला? कूपर्स क्रीकच्या यांद्रुवांदा लोकांनी त्यास आपल्यात ठेवून अन्न दिले, म्हणून. ज्या भूमीस ओसाड म्हणून तिचा 'शोध' लावावयास ही मंडळी निघाली, तेथे हे लोक पिढ्यान्पिढ्या नांदत होते. बर्क व विल्स ज्या नार्डूच्या पिठावर खंगत गेले, ते पीठ योग्य रीतीने कसे करावे हे त्यांस ठाऊक होते. २०१३ साली याच दृष्टीने एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. म्हणजे दीडशे वर्षांनी!

आणखी एक धागा आपल्या बाजूस येतो. मोहिमेचे बहुतेक उंट कराचीहून जहाजाने गेले, आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून उंटवाले गेले. त्यांपैकी दोस्त महंमद याची कबर मेनिंडीजवळ आहे. मेलबर्नच्या पुतळ्यात मात्र बर्क व विल्स दोघेच आहेत.

हौशी मंडळींविषयी पंडितांस थोडा तुच्छभाव असतो, आणि वीरपूजेचा मोह त्यांस अधिक, हेही खरे. परंतु त्यांचे प्रेम खरे असेल तर ते वीराच्या पावलामागून चालताना शेजारची अनवाणी पावलेही पाहील. न पाहील, तर ते मंडळ म्हणजे आणखी एक पुतळाच होय.