मूत्रफवारणी (मांजर)

मूत्रफवारणी म्हणजे मांजराने उभ्या पृष्ठभागावर मूत्राचा फवारा सोडून गंधखूण करण्याची क्रिया होय. बोलीभाषेत तिला पिचकारी मारणे असे म्हणतात. नसबंदी न झालेल्या प्रौढ बोक्यांत हे वर्तन सर्वाधिक आढळते. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांत ते थांबते किंवा बरेच कमी होते. तथापि लहान वयात नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि माद्यांपैकी सुमारे ५ टक्के मोठेपणी फवारणी करतात. हा खोडसाळपणा किंवा सूड नसून मांजरांच्या संदेशवहनाचा एक प्रकार आहे.

ओळख

फवारणी करताना बोका भिंत, दाराची चौकट, पडदा किंवा कपाट यांच्याकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ उभारून तिचे टोक थरथरवतो आणि मागच्या पायांची चुळबुळ करतो. मूत्राचे प्रमाण थोडे असते. साध्या मूत्रविसर्जनात मात्र तो खाली बसतो, मूत्र सपाट जागी पडते व प्रमाण अधिक असते. फवारणी करणारा बोका एरवी वाळूच्या पेटीचा वापर सहसा चालूच ठेवतो. घरात अनेक मांजरे असल्यास दोषी कोण, हे तर्काने न ठरवता प्रत्यक्ष पाहून ठरवावे.

गंधाचे रसायन

बोक्याच्या मूत्राचा उग्र वास फेलिनीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या विघटनातून निर्माण होतो. मूत्रपिंडात तयार होणारे कॉक्सिन हे प्रथिन फेलिनीनच्या निर्मितीचे नियमन करते, असे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे फेलिनीनचे प्रमाण वाढते. त्यामुळे नसबंदीनंतर वास सौम्य होतो. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ उलटूनही वास पूर्वीसारखाच उग्र राहिल्यास पोटात अंडकोष राहून गेला आहे काय, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

कारणे

नसबंदी झालेल्या बोक्याच्या फवारणीमागे बहुधा अस्वस्थता असते. खिडकीबाहेर किंवा जिन्यात फिरणारे परके मांजर, घरातील मांजरांचे आपसातील वैर, नवे बाळ किंवा पाहुणे, नवे सामान, रंगकाम, घरबदल ही नेहमीची निमित्ते होत. खुणांच्या जागाही बोलक्या असतात : खिडक्या-दारांजवळच्या खुणा बाहेरच्या मांजराकडे निर्देश करतात, तर घराच्या मध्यभागी, ये-जा करण्याच्या वाटांवर असलेल्या खुणा घरातील तणाव सुचवतात.

वैद्यकीय तपासणी

मूत्राशयाचा दाह, खडे व अन्य आजार यांमुळेही बोका भलत्या जागी मूत्र सोडतो. म्हणून प्रथम तपासणी करावी. बोका वारंवार कुंथत असेल, ओरडत असेल आणि मूत्र थेंब-थेंब येत असेल किंवा अजिबात येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने ही अवस्था त्यांच्यात अधिक आढळते व एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उपाय

कारण दूर करणे हा मुख्य उपाय होय. बाहेरचे मांजर दिसत असल्यास खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकावा. घरात जितकी मांजरे, त्याहून एक अधिक अशा वाळूच्या पेट्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात व रोज साफ कराव्यात. अन्न-पाण्याची भांडी व विश्रांतीच्या उंच जागा प्रत्येक मांजरासाठी स्वतंत्र असाव्यात. मारणे, ओरडणे किंवा नाक मूत्रात घासणे यांनी भीती वाढते आणि भीतीबरोबर फवारणीही वाढते.

मांजराच्या गालांतून स्रवणाऱ्या गंधद्रव्याची कृत्रिम प्रतिकृती खोलीत सोडणारी उपकरणे काही मांजरांत उपयोगी पडतात. एवढ्याने भागले नाही, तर पशुवैद्यक फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामिन देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. माणसांची औषधे अंदाजाने देणे धोक्याचे आहे. पॅरासिटामॉलची साधी गोळीही मांजराला प्राणघातक ठरू शकते.

स्वच्छता

वास उरल्यास बोका त्याच जागी पुन्हा खूण करतो. अंधारात अतिनील प्रकाशाची विजेरी फिरवल्यास जुने डाग दिसतात. ते विकरयुक्त धुण्याच्या पावडरीच्या द्रावणाने धुऊन, साध्या पाण्याने पुसून वाळवावेत. अमोनियायुक्त द्रव्यांचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने ती टाळावीत. ब्लीच मूत्रात मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो.

महाराष्ट्रातील घरांत अशा वेळी सर्रास फिनाईल वापरले जाते. ते मांजरासाठी घातक आहे. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल वर्गातील संयुगे असतात आणि मांजराच्या यकृताची ती निष्प्रभ करण्याची क्षमता फार कमी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटल्याने विषबाधा होऊ शकते. पाइन तेलाचे पांढरे फिनाईलही सुरक्षित नाही.

सोडून देण्याची प्रथा

फवारणीला कंटाळून बोक्याला पोत्यात घालून दूरच्या मासळी बाजारात किंवा वस्तीत सोडण्याचे प्रकार घडतात. घरात वाढलेल्या बोक्याला परक्या बोक्यांच्या हद्दीत अन्न व निवारा मिळवणे अवघड जाते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा परिस्थितीत प्राण्याला वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. मूळ कारण शोधून वरील उपाय सातत्याने केल्यास बहुसंख्य बोक्यांत फवारणी थांबते किंवा सुसह्य होते.