उच्छेदवाद आणि भोगवर्धनचे दान

बौद्ध धम्म आत्मा व ईश्वर मानीत नाही, म्हणून तो केवळ नकाराचा, शून्याचा धर्म होय, हा आक्षेप १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने वारंवार ऐकला आहे. त्याचे उत्तर पालि वाङ्मयात आहे. आमच्या मते जालना जिल्ह्यातील एका गावाच्या इतिहासातही ते आहे.

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात अजित केसकंबलाचे मत नमूद आहे. मनुष्य चार महाभूतांचा बनलेला असून मरणाबरोबर त्याचा उच्छेद होतो, हे त्याचे एक अंग. परंतु खरे विष दुसऱ्या अंगात आहे : सत्कर्म-दुष्कर्माला फळ नाही आणि दानाचा उपदेश हा मूर्खांचा उपदेश. यज्ञही त्याने नाकारला, म्हणून त्याला सुधारक ठरविण्याचा मोह होतो. पण यज्ञाबरोबर त्याने नीतीही मोडीत काढली. तथागतांनी यज्ञातील हिंसा नाकारली. कर्माची जबाबदारी मात्र माणसावरच ठेवली. सिंह सेनापतीशी झालेल्या संवादात त्यांनी उच्छेदवादी हे विशेषण एका अर्थी स्वीकारले : लोभ, द्वेष व मोह यांच्या उच्छेदापुरते. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात हाच विवेक केला आहे. बुद्ध आत्म्यापुरते उच्छेदवादी होते, भौतिक तत्त्वांविषयी नव्हते, असा त्यांचा निर्वाळा आहे.

आता भोकरदनकडे वळू. हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जयिनी व प्रतिष्ठान यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गाशी त्याचा संबंध होता. १९७३ साली शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या उत्खननात येथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे. अशा संपन्न नगरीतील माणसांनी तापी व नर्मदेपलीकडे, सांचीच्या स्तूपासाठी दान दिले. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांच्या गावांमध्ये भोगवर्धनचे नाव आजही वाचता येते.

दानाला अर्थ नाही म्हणणाऱ्या मताचे याहून ठोस खंडन कोणते? कोणी म्हणेल, हे दान परलोकातील पुण्याच्या लोभाने दिले असेल. पुढील काळातील अनेक दानलेखांत फळाची इच्छा स्पष्ट व्यक्त झालेली आहे, हे खरे. परंतु सांचीचे बहुतेक लेख अगदी त्रोटक आहेत : दात्याचे नाव, कधी गाव वा व्यवसाय, आणि 'दान' हा शब्द. स्वर्गाची मागणी त्यांत नाही.