‘शेरा’ रकान्यात दडलेला आधार: डेटाबेसमधली लपलेली माहिती कशी शोधतात?

बेळगाव-निपाणी पट्ट्यातली कुठलीही पतसंस्था घ्या. सॉफ्टवेअरमध्ये आधार क्रमांकासाठी वेगळा रकाना असतो आणि तो कोणी पाहायचा हेही ठरलेलं असतं. पण काउंटरवर रांग लागली की कारकून तो नंबर ‘शेरा’मध्ये टाकून मोकळा होतो. सोबत जामीनदाराचा मोबाइल, कधी ‘ऑपरेशनमुळे हप्ता थकला’ अशी नोंद. पुढे हाच शेरा एक्सेलमध्ये उतरतो, बॅकअपमध्ये जातो, सॉफ्टवेअरवाल्याला चाचणीसाठी दिलेल्या प्रतीतही जातो.

आता सभासदाने खातं बंद करून ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं, तर काय काय काढणार? वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती शेऱ्यात होती, आम्हाला ठाऊकच नव्हतं, हा बचाव काही फारसा टिकणारा नाही.

शोधाची सुरुवात बहुतेक जण रकान्यांच्या नावांपासून करतात. सगळ्या टेबलांची यादी काढायची आणि ‘आधार’, ‘पॅन’, ‘मोबाइल’ अशी नावं हुडकायची. हे काम तासाभरात होतं, पण लपलेलं असं यातून काहीच सापडत नाही. नावापेक्षा आतला मजकूर पाहावा लागतो. त्यासाठी प्रत्येक रकान्यातल्या काहीशे नोंदी नमुन्यादाखल घेऊन तपासतात. शेऱ्यासारखे मोकळे रकाने मात्र पूर्णच वाचावे लागतात, कारण तिथे हजारात एखादीच नोंद घातक असते.

आधार १२ अंकी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही. पण काही बँकांचे खाते क्रमांकही १२ अंकी असतात, मग फरक कसा करायचा? आधारचा शेवटचा अंक ‘वेरहोफ’ पद्धतीने आधीच्या ११ अंकांवरून ठरतो. कुठलाही १२ अंकी आकडा या कसोटीला लावला तर दहातला साधारण एकच उतरतो. त्यामुळे रकान्यातले जवळपास सगळे आकडे उतरले, तर ते आधारच समजा. दहा टक्केच उतरले, तर ते बहुधा खाते क्रमांक.

पॅन ओळखणं सोपं: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, व्यक्तीचा असेल तर चौथं अक्षर ‘पी’. गंमत जीएसटी क्रमांकाची आहे. त्याच्या १५ चिन्हांत पहिले दोन अंक राज्याचे (कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा चिन्हं म्हणजे चक्क पॅन! एकट्या मालकाचं दुकान असेल तर तो त्याचा वैयक्तिक पॅन. म्हणजे पॅनचा रकाना झाकून जीएसटीचा उघडा ठेवला, तर झाकून काय उपयोग?

आपल्या भागात आणखी एक अडचण. नोंदी मराठी, कन्नड, इंग्रजी अशा मिसळलेल्या. देवनागरी किंवा कन्नड अंकांत लिहिलेला आधार, फक्त इंग्रजी अंक शोधणाऱ्या प्रोग्रामला दिसतच नाही. म्हणून आधी सगळे अंक एका लिपीत आणायचे, मधली मोकळी जागा नि आडव्या रेघा काढायच्या, मग शोधायचं. मायक्रोसॉफ्टचं ‘प्रेसिडिओ’ हे मुक्त सॉफ्टवेअर अशा कामाला चालतं, पण मराठी-कन्नड नावं ओळखण्याची भर आपल्यालाच घालावी लागते. स्कॅन केलेल्या रेशनकार्डांचा ढीग वेगळाच. त्यासाठी आधी चित्रातला मजकूर वाचून घ्यावा लागतो.

सापडलेल्या गोष्टींचा अहवाल बनवताना टेबल, रकाना आणि किती नोंदी एवढंच लिहावं. पडताळणीसाठी नंबर हवाच असेल तर शेवटचे चार अंक पुरतात. नाहीतर सगळे आधार एकाच एक्सेलमध्ये गोळा होतात, आणि ती फाइल ईमेलने चार जणांकडे जाते.